इंग्रजीतले डोक्यात जाणारे शब्द आणि वाक्प्रचार

मुळाकाठची

बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं. मी विमा क्षेत्रात काम करते. ग्राहकांना जाणारी इंग्रजी पत्रं तपासायची आणि त्यांची मराठी करायची, हे माझं रोजचं काम. त्यामुळे 'प्लीज बी इन्फॉर्म्ड', 'काइन्डली नोट', 'इन धिस रिगार्ड' आणि 'अ‍ॅज पर' यांच्याशी सकाळपासून गाठ असते.

'बेसिकली', 'अ‍ॅक्च्युअली', 'यू नो', 'लाइक' हे शब्द कानाला खटकतात हे खरं. माझ्या शेजारी बसणारी मुलगी प्रत्येक वाक्य 'सो बेसिकली'ने सुरू करते. पण त्याने कुणाचं काही बिघडत नाही, ऐकून सोडून देता येतं. माझ्या डोक्यात जातात ती वेगळी वाक्यं. कुणीतरी काहीतरी केलेलं असतं आणि करणारा वाक्यातून गायब असतो, अशी.

एक सगळ्यांना आठवत असेल असं उदाहरण देते. ९ एप्रिल २०१७ ला शिकागोच्या ओहेअर विमानतळावर युनायटेड एअरलाइन्सचं लुईव्हिलला जाणारं विमान उभं होतं. कंपनीच्या चार कर्मचाऱ्यांना त्यात जागा हवी होती म्हणून बसलेल्या चार प्रवाशांना उतरायला सांगितलं. ६९ वर्षांच्या एका डॉक्टरांनी नकार दिला. विमानतळाच्या सुरक्षा कर्मचाऱ्यांनी त्यांना सीटवरून ओढलं आणि मधल्या वाटेतून फरफटत बाहेर नेलं. त्यांचं नाक मोडलं, दोन दात पडले. दुसऱ्या दिवशी कंपनीचे सीईओ ऑस्कर मुनोझ यांचं निवेदन आलं. या ग्राहकांना 'री-अ‍ॅकोमोडेट' करावं लागल्याबद्दल, म्हणजे त्यांची दुसरीकडे सोय करावी लागल्याबद्दल, दिलगिरी, असं त्यात होतं. जगभर संताप उसळला, तेव्हा कुठे पुढच्या निवेदनात सरळ भाषेत माफी आली. म्हणजे सरळ भाषा येत होती! पहिल्या दिवशी ती वापरायची नव्हती.

आमच्या क्षेत्रातलं असंच वाक्य म्हणजे 'युअर क्लेम स्टॅन्ड्स रिप्युडिएटेड'. तुमचा दावा नाकारला, एवढाच त्याचा अर्थ. पण कुणी नाकारला ते वाक्यात नाही, आणि 'रिप्युडिएटेड' हा शब्द इंदापूरच्या किंवा परतूरच्या माणसाला कळावा अशी कुणाची अपेक्षाही नाही. फोन येतात, "मॅडम, पत्र आलंय, पैसे कधी जमा होतील?" पत्र नकाराचं असतं आणि माणूस पैशांची वाट बघत असतो. मला याची मनापासून चीड आहे.

तुमच्या डोक्यात जाणारे शब्द सांगा. का जातात तेही सांगा.

ठाणे_स्लो

छान धागा. माझ्याकडून 'अ‍ॅट द एन्ड ऑफ द डे', 'गोइंग फॉरवर्ड' आणि 'लेट्स टेक इट ऑफलाइन'. यातलं तिसरं मीटिंगमध्ये नेमका अडचणीचा प्रश्न विचारला की येतं. ऑफलाइन पुढे कधीच काही होत नाही.

थेम्सपार

'अ‍ॅट द एन्ड ऑफ द डे'ला मानाचं स्थान आहे. ब्रिटनमध्ये प्लेन इंग्लिश कॅम्पेन नावाची संस्था आहे. क्रिसी माहेर या बाईंनी १९७९ साली सुरू केली. त्या स्वतः लिव्हरपूलच्या गरीब वस्तीतल्या, किशोरवयापर्यंत त्यांना वाचता येत नव्हतं. सरकारी मदतीचे अर्ज लोकांना कळत नाहीत म्हणून त्यांनी लंडनमध्ये पार्लमेंटसमोर ते अर्ज जाहीरपणे फाडून टाकले. तिथून ही चळवळ सुरू झाली. या संस्थेने २००४ मध्ये आपल्या जगभरच्या सभासदांना सर्वांत त्रासदायक वाक्प्रचार विचारला, तेव्हा पहिला नंबर 'अ‍ॅट द एन्ड ऑफ द डे'चा आला.

मी लंडनला रोज ट्रेनने जातो. माझा नंबर एक आहे 'सी इट. से इट. सॉर्टेड.' काही संशयास्पद दिसलं तर पोलिसांना कळवा, ही ती सूचना. २०१६ पासून स्टेशनात आणि डब्यात सतत कानावर पडते. सुरक्षेला माझा विरोध नाही. पण एवढी ठासून सांगितल्यावर ती कुणी ऐकतच नाही. प्लॅटफॉर्म बदलला, ही उपयोगाची घोषणाही मग त्या गजरात बुडते. २०२२ च्या सुरुवातीला वाहतूकमंत्र्यांनी अनावश्यक घोषणा कमी करू असं जाहीर केलं होतं. ही मात्र चालूच आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे रेकॉर्ड केलेली माफी. गाडी थोडी उशिरा असेल तर तो आवाज 'सॉरी' म्हणतो. फार उशिरा असेल तर 'एक्स्ट्रीमली सॉरी'. माणूस कुठेच नाही, संगणक मिनिटं मोजून खेदाची मात्रा ठरवतो. थंडीत उभं राहून हे ऐकताना अंगाचा तिळपापड होतो.

ठाणे_स्लो

आपल्याकडे 'होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत'. त्याआधी 'तांत्रिक कारणामुळे'. तांत्रिक कारण म्हणजे ओव्हरहेड वायर तुटली, सिग्नल गेला की रुळाला तडा, ते सांगितलं तर माणूस ठरवू शकतो ना, थांबायचं की बसने जायचं. वायर तुटली म्हटलं की नेहमीचा प्रवासी लगेच समजतो, तासाभराची निश्चिंती, चला घोडबंदरवरून. 'तांत्रिक कारण' ऐकून फक्त उभं राहायचं.

मुळाकाठची

@ठाणे_स्लो, अगदी हेच म्हणायचं होतं. माहिती असताना ती न देणारा शब्द.

निवृत्त_नस्ती

आयुष्यभर नागपुरात शासकीय सेवेत होतो. धाग्यावर 'काइन्डली डू द नीडफुल', म्हणजे 'कृपया आवश्यक ते करावे', अजून कसं आलं नाही याचं नवल वाटलं. तरुण मंडळी त्याची टर उडवतात, म्हणून आधीच त्याची बाजू मांडतो.

हा शब्दप्रयोग आपण काढलेला नाही. एके काळी इंग्रजांच्या स्वतःच्या पत्रव्यवहारात तो सर्रास होता. त्यांच्याकडे मागे पडला, आपल्या कचेऱ्यांत राहिला. आता तेच आपल्याला सांगतात की हे चुकीचं इंग्रजी आहे! 'प्रीपोन'चंही तसंच. बैठक अलीकडे घेतली हे एका शब्दात सांगायची सोय आपण करून घेतली, आणि आता तो शब्द ऑक्सफर्डच्या कोशात आहे. 'पास आउट झाला' म्हटल्यावर अमेरिकन माणसाला बेशुद्ध पडला असं वाटतं, तो त्याचा प्रश्न. आपल्यात सगळ्यांना कळतं. भारतीय इंग्रजीची लाज वाटून घेणं मला मान्य नाही.

आता 'नीडफुल'. कचेरीत वरिष्ठाला तुम्ही 'हे करा' असं लिहू शकत नाही. मराठी टिपणीतसुद्धा 'उचित कार्यवाहीस्तव सादर', 'मान्यतेस्तव सादर' असंच जातं. काय करायचं ते वरिष्ठांना ठाऊक आहे, मी फक्त कागद पुढे केला, असा त्यामागचा भाव असतो. त्यात अदब आहे.

मुळाकाठची

काका, 'प्रीपोन'बद्दल शंभर टक्के सहमत, तो मी रोज वापरते. अदबीचा मुद्दाही पटला. पण तेच 'नीडफुल' सामान्य माणसाला आलेल्या पत्रात असतं तेव्हा? 'युअर अ‍ॅप्लिकेशन इज फॉरवर्डेड टु द कन्सर्न्ड डिपार्टमेंट फॉर डूइंग द नीडफुल.' कोणता विभाग? कोण करणार? कधीपर्यंत? अर्जदाराने हे पत्र घेऊन कुणाच्या टेबलाशी जायचं?

निवृत्त_नस्ती

प्रश्न रास्त आहे. कचेरीच्या आत उत्तर सापडतं, कारण नस्तीतल्या, म्हणजे फाइलमधल्या, प्रत्येक टिपणीखाली आद्याक्षरी आणि तारीख असते. वाक्यात कर्ता नसला तरी कागदावर असतो. लिपिकाची सही, त्यावर कक्ष अधिकाऱ्याची, त्यावर उपसचिवाची. कुणाकडे किती दिवस पडून होतं हे पान उलटलं की दिसतं. बाहेर जाणाऱ्या पत्रात मात्र यातलं काहीच जात नाही, हा खरा दोष.

म्हणून सर्वांना सांगतो. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा झाल्यापासून नस्तीतल्या टिपणीची प्रत मागता येते. आणि त्याच कायद्यातलं कलम ७, पोटकलम ८ जरूर वाचा. माहिती नाकारायची असेल तर अधिकाऱ्याला तीन गोष्टी लिहून द्याव्याच लागतात: नाकारण्याचं कारण, अपील किती मुदतीत करता येईल ती मुदत, आणि अपील कुणाकडे करायचं त्या अधिकाऱ्याचा तपशील. 'सबब विनंती मान्य करता येत नाही' एवढ्यावर भागत नाही. नकाराचं पत्र कसं असावं हे थेट कायद्यात लिहिलेलं आहे.

हडसनवारा

न्यू जर्सीहून लिहितोय. माझ्या डोक्यात जाणारा शब्द एकच, 'इम्पॅक्टेड'.

आमच्याकडे नोकरकपात झाली तेव्हा सकाळी पंधरा मिनिटांच्या कॉलचं निमंत्रण आलं. कॉलवर मॅनेजर आणि एचआरची एक बाई. तिने समोर ठेवलेलं वाचून दाखवलं, 'अ डिफिकल्ट डिसिजन हॅज बीन मेड अ‍ॅन्ड युअर रोल हॅज बीन इम्पॅक्टेड.' डिसिजन कुणी घेतलं, सांगितलं नाही. आणि 'रोल' इम्पॅक्ट झाला म्हणे, मी नाही. जसं काही ती खुर्ची बेकार झाली आणि मी सहीसलामत आहे. शेवटी 'वी थँक यू फॉर युअर कॉन्ट्रिब्यूशन अ‍ॅन्ड विश यू द बेस्ट इन युअर फ्यूचर एन्डेव्हर्स'. कॉल संपायच्या आत लॅपटॉप लॉक.

तिकडच्या माणसांना हे कळावं म्हणून लिहितो: एच-वन-बी व्हिसावर नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी कंपनी तुमच्यासाठी अर्ज करायला तयार झाली नाही, किंवा व्हिसाचा प्रकार बदलायचा अर्ज गेला नाही, तर देश सोडायचा. घराचं भाडं, मुलीची शाळा, गाडीचा हप्ता, सगळं त्या मुदतीत बसवायचं. या सगळ्याला 'इम्पॅक्टेड' म्हणतात. 'राइटसाइझिंग', 'ट्रान्झिशन', 'वर्कफोर्स अ‍ॅक्शन' हे त्याचेच भाऊ. मला नोकरीवरून काढलं, असं तोंडावर सांगितलं असतं तर मी जास्त मान दिला असता.

आम्हाला ग्रुपवर मदत करणाऱ्या एका मराठी काकूंचा पहिला प्रश्न होता, "शेवटचा दिवस कोणता लिहिलाय पत्रात?" कारण साठ दिवस तिथून मोजायचे. ती तारीख तिसऱ्या पानावर 'सेपरेशन इफेक्टिव्ह डेट' या नावाखाली होती. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सर्वांत आत.

थेम्सपार

@हडसनवारा, वाचून वाईट वाटलं. आता कसं आहे?

हडसनवारा

मुदतीच्या आत दुसरीकडे लागलो. सगळ्यांचं तसं झालं नाही. बरोबरचे दोघं परत गेले, एक हैदराबादला, एक कोल्हापूरला.

प्रत्ययकार

भाषाशास्त्र शिकवते. धागा आवडला. थोडा विरोधही नोंदवते.

शब्दांवर राग धरायची परंपरा इंग्रजीत जुनी आहे. मिशिगनमधलं लेक सुपीरियर स्टेट विद्यापीठ १९७६ पासून दर नववर्षाला हद्दपार करायच्या शब्दांची यादी काढतं. न्यूयॉर्क राज्यातलं मॅरिस्ट कॉलेज त्रासदायक शब्दांची पाहणी करायचं. त्यात 'व्हॉटेव्हर' वर्षानुवर्षं पहिलं येई. २००९ च्या पाहणीत ४७ टक्के लोकांनी ते निवडलं होतं. पण अशा याद्यांमुळे आजवर एकही शब्द भाषेतून गेलेला नाही.

'लिटरली'वरून होणारा गदारोळ घ्या. 'आय लिटरली डाइड' ऐकून लोक म्हणतात, आजच्या पिढीने शब्दाची वाट लावली. पण चार्ल्स डिकन्सने एकोणिसाव्या शतकात हा शब्द याच अतिशयोक्तीच्या अर्थाने वापरलाय आणि १९०९ च्या वेबस्टर कोशात या वापराची दखल आहे. आपल्याला एखादा प्रयोग नुकताच खटकला की तो नुकताच जन्मला असं वाटतं. अर्नल्ड झ्विकी या भाषाशास्त्रज्ञाने २००५ मध्ये या समजाला 'रीसन्सी इल्यूजन' असं नाव दिलं.

'अम' आणि 'अह' हे तर कामाचे आवाज आहेत. हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री यांनी २००२ च्या अभ्यासात दाखवलं की बोलणारा छोटा खंड घेणार असेल तर साधारण 'अह' येतो, मोठा घेणार असेल तर 'अम'. ऐकणाऱ्याला सूचना मिळते, थांब, माझं संपलेलं नाही. आपलं 'म्हणजे', 'आपलं ते हे', 'काय म्हणतात ते' हेच काम करतं. मुलांना त्यावरून टोकू नका.

कर्ता लपवण्याबद्दल मात्र मुळाकाठची यांच्या बाजूने आहे. ही सोय फक्त इंग्रजीत आहे असं नाही. मराठीत 'फुटणे' आणि 'फोडणे', 'सांडणे' आणि 'सांडवणे', 'तुटणे' आणि 'तोडणे' अशा जोड्या आहेत. बॅट हातात घेऊन उभा असलेला मुलगा "काच फुटली" म्हणतो, "मी फोडली" म्हणत नाही. चार वर्षांच्या मुलालाही हे येतं. सरकारी मराठीतलं '-ण्यात आले आहे' हे त्याचंच मोठ्यांचं रूप. 'झाडे तोडण्यात आली.' १९८७ च्या जानेवारीत अध्यक्ष रेगन यांनी इराणला शस्त्रं विकण्याच्या प्रकरणावर अमेरिकन काँग्रेससमोर 'सीरियस मिस्टेक्स वेअर मेड' म्हटलं, ते अगदी 'काच फुटली' याच जातीचं.

ठाणे_स्लो

'काच फुटली'ला जोरदार अनुमोदन. पण 'लिटरली' मला तरीही खटकणार. डिकन्सने वापरला म्हणून मी आवडून घ्यायचा का?

प्रत्ययकार

आवडून घेऊ नका, हक्क आहे तुमचा. फक्त भाषा बुडाली म्हणू नका, एवढंच म्हणणं.

मांडवीचे_पाणी

पणजीहून. मी हॉटेलात स्वागतकक्षावर आहे. आम्हाला प्रशिक्षणात 'नो' म्हणायची बंदी असते. खोली नसेल तर 'लेट मी सी व्हॉट आय कॅन डू' म्हणायचं. खोली नाही हे मला आधीच पक्कं माहीत असतं. समोर लहान मूल कडेवर घेतलेली बाई रात्री उशिरा आशेने बघत उभी असते, आणि मला स्क्रीनकडे बघत दोन मिनिटं घालवायची असतात. त्या दोन मिनिटांत तिला दुसऱ्या हॉटेलला फोन करता आला असता. मी हल्ली सरळ सांगते, खोली नाही, समोरच्या गल्लीत विचारते थांबा. अजून एकानेही तक्रार केलेली नाही.

सायंतारा

या धाग्यावर लिहू की नको असं होत होतं. लिहिते.

आई कॅन्सरने गेली. परदेशातून, ऑफिसमधून इंग्रजी संदेश आले. 'शी फॉट अ ब्रेव्ह बॅटल.' 'शी लॉस्ट द फाइट.' 'एव्हरीथिंग हॅपन्स फॉर अ रीझन.' पाठवणाऱ्यांच्या मनात प्रेमच होतं, हे मला कळतं. तरी 'लॉस्ट'पाशी मी अडकले. हरली म्हणजे काय? तिने काय कमी केलं? दर तीन आठवड्यांनी बसमधून केमोला जायची, येताना भाजी घेऊन यायची. गाठ त्या औषधाला दाद देणारी नव्हती. त्यात तिची हार कसली? आपल्या वर्तमानपत्रांतही 'कर्करोगाशी झुंज अपयशी' असंच छापून येतं.

पण सगळ्यात जास्त लागलं ते हॉस्पिटलच्या कागदावरचं वाक्य. डिस्चार्जच्या कागदावर इंग्रजीत लिहिलं होतं, 'पेशंट फेल्ड फर्स्ट लाइन केमोथेरपी'. मी तीनदा वाचलं. आईने शिक्षिका म्हणून उभं आयुष्य पोरांना पास केलं, आणि तिच्या नावापुढे 'फेल्ड'. नापास झालं ते औषध ना?

मुळाकाठची म्हणतात वाक्यातून कर्ता पळतो. इथे कर्ता होता, पण जिने काहीच केलं नव्हतं तिला तिथे बसवलं होतं.

मुळाकाठची

सायंतारा, वाचून डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. हा प्रकार माझ्या ध्यानातच आला नव्हता. कर्ता गायब करण्यापेक्षाही हे वाईट.

स्टेथो_सातारा

मी डॉक्टर आहे, फिजिशियन. सायंतारा, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे.

'पेशंट फेल्ड' हे वैद्यकीय इंग्रजीत जगभर लिहिलं जातं आणि आम्ही कॉलेजात वरच्यांच्या केसपेपरवरून ते उचलतो. त्याचा अर्थ इतकाच की उपचारांचा उपयोग झाला नाही, पुढच्या औषधाकडे जायचं. आणखीही आहेत. 'पेशंट डिनाइज अल्कोहोल' म्हणजे पेशंट दारू पीत नाही असं सांगतो. पण वाचणाऱ्याला वाटतं पितो आणि कबूल करत नाही. 'नॉन-कम्प्लायंट' म्हणजे गोळ्या घेत नाही. का घेत नाही? माझ्याकडे येणाऱ्या कित्येकांना महिनाभराच्या गोळ्या एकदम परवडत नाहीत, दहा दिवसांच्या घेतात आणि मग खंड पडतो. 'नॉन-कम्प्लायंट' लिहिलं की पुढचा डॉक्टर त्याला बेपर्वा समजतो आणि रागावतो. 'पैशांअभावी गोळ्यांत खंड' लिहिलं तर स्वस्तातली जेनेरिक लिहून देतो. कागदावरच्या एका शब्दाने उपचार बदलतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

लढाईच्या भाषेचं म्हणाल तर त्याला राजकीय इतिहास आहे. निक्सन यांनी १९७१ च्या डिसेंबरात कॅन्सर संशोधनाच्या कायद्यावर सही केली, त्याला 'वॉर ऑन कॅन्सर' म्हणू लागले. सरकारकडून संशोधनाला पैसा आणायला ती भाषा उपयोगी पडली. पण खाटेवरच्या माणसाला ती लावली की उपचार थांबवायचा निर्णय त्याला पळपुटेपणा वाटायला लागतो. "डॉक्टर, मी हरतोय का?" असं मला विचारलेलं आहे. काही पेशंटना लढाईच्या भाषेने बळ येतं, हेही खरं. त्यांनी स्वतः ती वापरली तर मी वापरतो, आपण होऊन नाही.

सायंतारा

डॉक्टर, मनापासून आभार. मग तुम्ही कागदावर काय लिहिता?

स्टेथो_सातारा

'कॅन्सर डिड नॉट रिस्पॉन्ड टु द ड्रग.' कर्त्याच्या जागी कॅन्सर. नातेवाइकांना मराठीत सांगताना, "या औषधाचा उपयोग झाला नाही." माझ्या इंटर्न मुलांनाही हेच लिहायला लावतो.

प्रत्ययकार

हे वाक्य मी वर्गात वापरणार, तुमची परवानगी गृहीत धरते.

निवृत्त_नस्ती

मुळाकाठची ताई, एक विनंती. तुमच्या कामातलं एक पत्र आधी कसं असतं आणि तुम्ही ते कसं करता, हे नावगाव काढून दाखवाल का? आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात दाखवीन म्हणतो. अशी पत्रं सगळ्यांकडे येतात आणि मुलं बाहेरगावी असतात.

मुळाकाठची

काका, नक्की. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या दाव्याचं घेते, कारण तेच सर्वांत जास्त येतं.

मूळ साच्यातलं इंग्रजी साधारण असं: 'विथ रेफरन्स टु द अबव्ह, ऑन स्क्रूटिनी इट इज ऑब्झर्व्हड दॅट द सेड एलमेंट फॉल्स विदिन द स्पेसिफाइड वेटिंग पीरियड. हेन्स द क्लेम स्टॅन्ड्स रिप्युडिएटेड. वी रिग्रेट अवर इनॅबिलिटी. इनकन्व्हीनियन्स कॉज्ड इज रिग्रेटेड.'

'ऑन स्क्रूटिनी इट इज ऑब्झर्व्हड' म्हणजे आम्ही कागद तपासले. 'सेड एलमेंट' म्हणजे मोतीबिंदू, पण अख्ख्या पत्रात मोतीबिंदू हा शब्द नाही! 'इनॅबिलिटी' तर खोटंच. देता येत नाही असं नसतं, नियमात बसत नाही म्हणून देत नाही.

मी मराठीत असं करते:

"तुमच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा खर्च आम्ही देणार नाही. कारण: तुमच्या पॉलिसीत मोतीबिंदूसाठी २ वर्षं थांबण्याची अट आहे. पॉलिसी सुरू झाल्याची तारीख आणि शस्त्रक्रियेची तारीख खाली दिली आहे. या दोन तारखांमध्ये २ वर्षं पूर्ण झालेली नाहीत. ही अट पॉलिसीच्या अमुक पानावर आहे. तारखांमध्ये चूक असेल किंवा ही पॉलिसी तुम्ही दुसऱ्या कंपनीतून बदलून आणली असेल, तर कागद घेऊन आमच्याकडे या, आम्ही पुन्हा तपासू."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. पॉलिसी एका कंपनीतून दुसरीकडे नेली असेल तर आधीच्या कंपनीत काढलेली वर्षं थांबण्याच्या मुदतीत धरतात. साच्यातलं पत्र वाचून हे कुणाला कळणार? 'एलमेंट', 'स्पेसिफाइड', 'रिप्युडिएटेड' वाचून माणूस घाबरतो आणि गप्प बसतो. ज्यांचे पैसे मिळायला हवे होते तेही गप्प बसतात. हे मराठी पत्र इंग्रजीसोबत जोडायला लागल्यापासून "पैसे कधी जमा होतील" हा फोन जवळजवळ बंद झालाय, आणि जुन्या पॉलिसीचे कागद घेऊन माणसं यायला लागली आहेत.

संघात हेही सांगा: कंपनीकडे लेखी तक्रार करूनही समाधान झालं नाही, किंवा महिनाभरात उत्तर आलं नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. पुण्यात आणि मुंबईत कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत जायचं, म्हणून पत्रावरची तारीख जपून ठेवा.

हडसनवारा

पुन्हा तारीखच!

निवृत्त_नस्ती

ताई, उत्तम. मोठ्या अक्षरांत छापून घेतो. सोबत आमच्या खात्यासारख्या पत्रांना द्यायच्या उत्तराचा मसुदाही जोडतो, तो इथेही देतो. 'नीडफुल'चं पत्र आलं की आठ दिवसांत एवढंच लिहून पाठवायचं आणि पोच घ्यायची:

"आपले दि. ___ चे पत्र मिळाले. माझा अर्ज कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे त्यांचे पदनाम, कार्यासनाचा क्रमांक आणि निर्णय कोणत्या तारखेपर्यंत होईल ते कळवावे."

ठाणे_स्लो

काका, कॉपी केलं. सोसायटीच्या पाण्याच्या अर्जाला हेच 'नीडफुल' आलंय, सोमवारी नेऊन देतो.